दात उमटतील

१९९४ सालचा हिवाळा, जानेवारीतला दुसरा रविवार. गिटारच्या पट्ट्याचं बकल तुटलं होतं. ते बदलून मी दुपारी घरी आलो, तर ढोल्या आधीच येऊन बसलेला.

ढोल्या आमच्या बँडचा ड्रमवाला. मी बेस गिटार वाजवायचो. दिवसा फर्निचरला पॉलिश, संध्याकाळी बँड. बाकीचे वादक आले आणि गेले, आम्ही दोघं शेवटपर्यंत शेजारी उभे. मग बँड बंद पडला. झांजांच्या आवाजानं ढोल्याचे कान गेले, आणि माझ्याकडे गिटार राहिली. तरुणपणी घेतलेली, तीच. दुसरी मी कधी घेतली नाही. दर रविवारी मऊ फडक्यानं पुसायचो, कुणाचं बोट लागू द्यायचो नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "ही माझी सवत. चार तारांची आहे, पण लाड बघा."

ढोल्या फार वाळला होता. दाढ दुखायची म्हणून तोंडात सतत लवंग. बहिरा झाल्यापासून मोठ्यानं बोलायचा.

"अरे, कानाच्या डॉक्टरनं गंमत केली. एक लोखंडी चिमटा वाजवला आणि माझ्या दातांवर टेकवला. ऐकू आला मला! हाडातून जातो म्हणे आवाज."

"मग?"

माझ्या ओठांकडे बघत तो म्हणाला, "तू वाजव. मी गिटारचं टोक दातात धरतो. आपली शेवटची चाल. एकदाच."

शेवटची चाल म्हणजे कार्यक्रम संपल्यावर, लोक खुर्च्या सरकवून उठत असताना वाजवायची. ती कुणी ऐकत नसे. आम्ही दोघंच ऐकायचो.

मी गिटारच्या टोकाकडे पाहिलं. लाकूड आरशासारखं होतं.

"दात उमटतील," मी म्हणालो.

"अहो, फडकं गुंडाळा," बायको म्हणाली.

"ओल लागते लाकडाला." मग त्याच्याकडे वळून म्हणालो, "हात टेकव हवं तर."

"हाताला नुसती थरथर कळते रे. सूर कळत नाही."

मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

तो हसला. "खरंय तुझं. माझे दात म्हणजे कुदळी. वहिनी, येतो." चपला घालायला त्याला बराच वेळ लागला.

"लाकूडच ते," तो गेल्यावर बायको म्हणाली. चुकलो हे मला तेव्हाच कळलं होतं. पण बोललेला शब्द लगेच मागे घ्यायची मला सवय नाही. पुढच्या रविवारी बोलावू, असं मनाशी ठरवलं.

शुक्रवारी त्याची मुलगी निरोप घेऊन आली. झोपेतच गेला होता.

रविवारी मी गिटार घेतली. तार छेडली. सूर निघाला आणि जागीच मेला, लाकडावर कुणी ओलं फडकं दाबून धरावं तसा. स्पीकर तपासला, वायर बदलली. मग तारा काढल्या. तारा मेल्या की आम्ही बेसवाले त्या पाण्यात उकळतो. बोटांचा घाम, मळ सुटतो आणि तार पुन्हा बोलू लागते. पातेलं चढवलं. वाफ वर आली.

"त्यात लवंग कशाला घातलीत?" बायकोनं बाहेरून विचारलं.

मी काही घातलं नव्हतं. गॅस बंद केला.

तारा चढवल्या तरी सूर तसाच. पुसायला गेलो तर गिटारचं टोक ओलं होतं. पुसलं. फडकं घडी करून ठेवेपर्यंत पुन्हा ओलं.

पुढे रोज तेच झालं. तिथलं पॉलिश पांढुरकं पडू लागलं. शेवटी मी गिटार पेटीत घालून कुलूप लावलं. तर पेटीतून बारीक आवाज येऊ लागला. टक... टक... दात लाकडावर पकड शोधत असावेत तसा. बायकोनं अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलं.

"अहो..." ती हळूच म्हणाली, "जे मागतायत ते देऊन टाका ना."

त्या दुपारी बाहेर दाट धुकं होतं. खोलीत दिवा लावावा लागला. मी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. गिटार मांडीवर घेतली आणि तिचं टोक खुर्चीकडे केलं. पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "घे..."

लवंगेचा वास आला. मग टोक घट्ट धरलं गेलं. मी हलवून पाहिलं, हलेना.

मी चाल सुरू केली. तारा हलताना दिसत होत्या, पण खोलीत आवाज येत नव्हता. जरासुद्धा नाही. सगळा पलीकडे जात होता. ऐकू येत नसताना मी नुसत्या बोटांच्या भरवशावर वाजवत राहिलो. मध्ये एका ठिकाणी चुकलो, थांबलो. तेव्हा लाकडातून माझ्या छातीपर्यंत ताल आला. टक... टक... तो मला सांभाळून घेत होता, नेहमीसारखा. माझे डोळे भरले. तो ताल पकडून मी चाल संपवली.

टोक हलकं झालं.

"गेले...?" दारातून बायकोनं विचारलं.

मी दिवा जवळ घेतला. दात उमटले होते. वरची ओळ, खालची ओळ. बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. ते खळगे नव्हते. उंचवटे होते. आतून कुणी चावावं तसे.

फडकं शेजारीच होतं. मी उचललं नाही. माझ्याकडचं त्याचं देणं फिटलं होतं.