हजार मीटरच्या खाली

म्युनिक विमानतळावर, सामानाच्या रांगेत, एका परक्या माणसाने बुर्गीच्या सॅकची मूठ ओढली.

ओढली कसली, त्याला म्हणे ती आत सरकवायची होती! फाट्‌कन आवाज झाला आणि सॅकमधून नारिंगी रंगाची भलीमोठी पिशवी दोन-तीन सेकंदांत फुगून बाहेर आली. अर्धी बुर्गीच्या डोक्यावर, अर्धी त्या माणसाच्या तोंडावर. मागच्या बाई किंचाळल्या. दोन पोलीस धावत आले. आणि या सॅकसाठी जिने सहा महिने जिवाचं रान केलं होतं ती बुर्गी रागारागाने पिशवी डोक्यावरून ढकलू लागली.

“ही... लोंबत होती,” पिशवीच्या पलीकडून आवाज आला. “मूठ नेहमी चेनच्या आत ठेवायची असते. मी बचाव पथकात काम करतो, म्हणून म्हटलं—”

“लोंबत नव्हती! विमानासाठी सिलिंडर सुटा करायचा होता म्हणून मीच बाहेर घेतली होती! तुम्हाला हात लावायला सांगितलं कोणी?”

“कोणीच नाही,” तो म्हणाला आणि पिशवी खाली दाबत त्याने तोंड बाहेर काढलं. तांबूस दाढी, लालभडक झालेले कान, आणि डोळे असे, की बुर्गीला आणखीनच राग आला. इतका मूर्खपणा करणाऱ्या माणसाला असे डोळे मिळतातच कसे!

“मी सेव्हेरिन. वायरमन आहे. तुमच्या बोलीवरून सांगतो, तुमच्या पलीकडच्याच खोऱ्यातला.”

“मी विचारलं?”

बाजूला उभे असलेले तिचे बाबा, लोरेन्झ, मिशीतल्या मिशीत हसत होते. “सिलिंडर सॅकपासून घरीच सुटा कर म्हटलं होतं मी,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?”

ऑक्टोबरमध्ये बुर्गीने इन्सब्रुकची सगळी दुकानं पालथी घातली होती. बर्फाची दरड अंगावर आली की मूठ ओढायची. पिशवी फुगते आणि माणूस गाडला न जाता वर राहतो, एवढंच या सॅकचं काम. पण एक बॅटरीच्या पंख्यावर फुगणारी, एक गॅसच्या सिलिंडरवर. बॅटरीची विमानात न्यायला सोपी, सिलिंडरची वजनाला हलकी. सुतारकाम करणाऱ्या बुर्गीला जिथे साधं सोपं यंत्र, तिथे विश्वास. तिने सिलिंडरची घेतली. मग विमान कंपनीची परवानगी हवी म्हणून चार पत्रं लिहिली, तीन वेळा फोन केले, आणि शेवटी आलेला तो सहीशिक्क्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

काउंटरवरच्या मुलीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. “सिलिंडर रिकामा झालाय ना? मग काहीच हरकत नाही,” ती गोड हसून म्हणाली.

आता सांगा, माणसाने संतापू नये तर काय करावं?

रिकामा सिलिंडर विमानात चालतो. डोंगरावर चालत नाही. आणि लोरेन्झचा नियम चाळीस वर्षं जुना होता: पूर्ण सामान नसेल तर उताराला पाय लावायचा नाही. एप्रिलच्या शेवटी त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यानंतर स्की नाही. नॉर्वेतल्या एका डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत उतरायचं, बापलेकीने मिळून, हे बुर्गी आठ वर्षांची असल्यापासून ठरलेलं होतं. दरवर्षी काहीतरी आड आलं. आता हे एकच वर्ष उरलं होतं, आणि त्यातही हा तांबूस दाढीचा माणूस आड आला होता.

विमानात तो नेमका शेजारच्याच खुर्चीवर.

“ट्रॉम्सोला उतरलो की मी सिलिंडर भरून देतो. शब्द देतो,” तो म्हणाला. “माझी सॅक बॅटरीची आहे, नाहीतर माझाच दिला असता.”

“म्हणजे पंखा पाठीवर घेऊन फिरता? उन्हाळ्यात घरी टांगत जा.”

“हसा. पण सरावासाठी मी ती हवी तितक्या वेळा ओढू शकतो.”

“ओढायची हौस तर दिसलीच तुमची!”

तो इतका मोकळा हसला की पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. बुर्गीने खिडकीकडे तोंड फिरवलं. काचेत तिला स्वतःचे ओठ हसताना दिसले... तिने ते ताबडतोब आवळले.

“एक विचारू?” तो हळूच म्हणाला. “हे तुम्ही-तुम्ही किती दिवस चालणार?”

“हजार मीटरच्या वर तू. खाली तुम्ही. तुमच्या खोऱ्यात हा रिवाज नाही?”

“आहे ना. पण आत्ता आपण दहा हजार मीटरवर आहोत.”

“डोंगराची उंची धरतात, विमानाची नाही!”

लोरेन्झ डोळे मिटून बसले होते. झोपलेला माणूस असा खांदे हलवत नाही.

ट्रॉम्सोला सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानाच्या दारावर कागद चिकटवलेला होता: ईस्टरची सुट्टी, मी डोंगरात आहे, मंगळवारी या. मंगळवारी तर त्यांचं परतीचं विमान होतं. बुर्गीने दारावर अशी थाप मारली की कागद खाली पडला. सेव्हेरिनने तो निमूटपणे उचलून परत लावला.

त्यालाही त्याच डोंगरावर जायचं होतं, आणि पायथ्याच्या गावात, डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या म्हणजे फ्योर्डच्या काठी, खोल्या देणारं घर एकच, तेव्हा तो तिथेही हजर होता. त्याचे दोन मित्र तापाने पडल्यामुळे तो एकटाच आला होता, आणि बाबांनी, बुर्गीला एका शब्दाने न विचारता, त्याला सांगून टाकलं, “आमच्याबरोबर चल रे.” दोन दिवस बर्फ भुरभुरत राहिला. खालच्या खोलीत ओले मोजे, वाफाळलेलं माशांचं सूप, आणि टेबलापलीकडून चोरून तिच्याकडे येणारी ती नजर. तिने वर पाहिलं की तो मीठ मागायचा. एका जेवणात पाच वेळा मीठ!

शनिवारी तो सकाळीच गायब झाला. फेरीबोटीने पलीकडच्या काठाला जाऊन, तीन घरांची दारं वाजवून, संध्याकाळी भिजून चिंब होऊन परतला. त्याने दोन्ही हातांनी सिलिंडर पुढे धरला. “भरलेला आहे. मिळाला!”

बुर्गीने आटे पाहिले. “हा... हा दुसऱ्या कंपनीचा आहे. आटेच वेगळे आहेत. बसणारच नाही!”

“सगळे सारखेच नसतात?”

“नसतात! बचाव पथकात तुम्हाला घेतलं कोणी?”

तो खाली बसला. त्याच्या बुटांतून जमिनीवर पाणी ओघळत होतं. त्या पाण्याकडे पाहून बुर्गीचा राग ओसरू लागला, आणि हेही तिला आवडलं नाही. ज्याच्यावर धड रागावताही येत नाही असा माणूस काय कामाचा?

“हवामान फक्त उद्याच उघडं आहे,” लोरेन्झ म्हणाले. “बुर्गी, माझा सिलिंडर तुझ्या सॅकला बसतो. तू जा. मी खिडकीतून पाहीन.”

“मी एकटीने जाऊन करू काय? मला डोंगर नकोय, बाबा. तुमच्याबरोबर उतरायचंय मला!” आणि ती जिन्यावरून धाडधाड वर गेली.

सकाळी तिच्या दाराशी सेव्हेरिनची सॅक उभी होती. पूर्ण चार्ज केलेली. तो स्वतः अंगणात होता, लाल टोपी घालून, स्की न लावता.

“तुम्ही येणार नाही?” तिने विचारलं.

“सॅकशिवाय? लोरेन्झकाकांचा नियम आहे. आणि खरं तर माझाही.” तो बर्फात गुडघ्यावर बसला. “मांडीखालचा पट्टा तेवढा आखूड करावा लागेल. तो सैल राहिला तर सॅक डोक्यावरून निघून जाते. मी... करू? की तुम्हीच?”

“करा,” ती म्हणाली. “पण मुठीला हात लावायचा नाही.”

त्याने मान दुसरीकडे वळवून, आंधळ्यासारखं चाचपत, पट्टा ओढला. दोनदा त्याची बोटं घसरली. बुर्गी आभाळाकडे पाहत उभी राहिली आणि आभाळात काहीच नव्हतं.

चढायला साडेपाच तास लागले. लोरेन्झ सावकाश चढले, गुडघ्याला शिव्या देत. माथ्यावर पोचले तेव्हा खाली फ्योर्ड निळंशार पसरलं होतं. त्यांनी टोपी काढली आणि लेकीचा हात हातात घेतला. “आलो बघ शेवटी,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. बुर्गीचेही आले. मग तिचे डोळे आपोआप खाली गेले, काठाला, जिथे मोहरीएवढा एक लाल ठिपका होता.

“काय शोधतेस?”

“काही नाही!”

उतार भुसभुशीत, स्वच्छ होता. बाबा पुढे, ती मागे, आणि त्यांच्या जुन्या, गोल वळणांच्या शेजारी तिची वळणं. या एका उतरणीची तिने वीस वर्षं वाट पाहिली होती. आणि तरी ती तीनदा थांबली. तिन्ही वेळा ठिपका मोठा झाला होता. तिसऱ्यांदा तो हात हलवत होता. कोणाशी तरी बोलावं, ‘बघ, बघ कसा बर्फ आहे!’ असं ओरडावं असं तिला वाटलं, आणि ज्याला ओरडून सांगायचं तो तर खाली उभा! का? तर मला सॅक दिली म्हणून! संतापाने तिने काठ्या बर्फात खुपसल्या.

किनाऱ्यावरच्या गोट्यांवर स्की खरखरत थांबले. सेव्हेरिन थर्मास घेऊन पुढे आला. “कसा झाला उतार?”

“खराब केलास तू!” ती ओरडली. “माझा अख्खा उतार खराब केलास!”

त्याचा चेहरा पडला. “आता मी काय केलं? मी तर वर नव्हतोच!”

“तेच तर!”

लाटेचं पाणी गोट्यांतून मागे सरलं. मग तो अगदी हळू, घाबरत घाबरत, म्हणाला, “बुर्गी... तुम्ही आत्ता मला ‘तू’ म्हणालात.”

“म्हणाले.”

“पण इथे उंची तर शून्य आहे.”

“माहीत आहे मला, समुद्र दिसतोय!” तिचा आवाज चिरकला. “आवडतोस तू मला. विमानतळापासून. आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. आता सांग, काय करणार आहेस?”

त्याने थर्मास गोट्यांवर ठेवला. तो आडवा पडला, चहा सांडला, तरी कोणी तिकडे पाहिलं नाही. लोरेन्झ एका दगडावर बसून बूट सैल करत होते, आणि एकाच बुटाला त्यांना फार वेळ लागत होता.

मंगळवारी ट्रॉम्सोच्या विमानतळावर, सामानाच्या रांगेत, बुर्गीने आपली सॅक सेव्हेरिनपुढे धरली. मूठ बाहेर लोंबत होती.

“नीट आत ठेव,” ती म्हणाली. “तूच ठेव.”