चौथ्या वायरीची हाक

कुणी खोटं म्हटलं तर म्हणो. योगेंद्रने हे आईची आण घेऊन सांगितलंय.

साल सत्त्याण्णव. सुरतेजवळ सचिन गावातली एक डाइंग मिल. सुट्टीचा दिवस, भर दुपार. यंत्रं निजलेली, वाफ निजलेली, कापडावरचा रंगसुद्धा निजलेला...

योगेंद्र कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा. मिलच्या ऑफिसात भिंतीवर त्याने हब बसवला होता. लहानशी पेटी. चार कॉम्प्युटरच्या चार वायरी तिच्यात यायच्या होत्या. एका वायरीतून आलेली हाक हब बाकी सगळ्यांना ऐकवतो. ज्याच्या नंबराची हाक, तो ओ देतो. बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखे बसतात. आणि पलीकडे चालू कॉम्प्युटर असेल, तरच त्या वायरीचा हिरवा दिवा लागतो.

तीन दिवे लागले होते.

चौथी वायर रंगखात्यात पोचलीच नव्हती. ती छपरावरून ओढता ओढता धुडकू सिमेंटच्या पत्र्यातून खाली कोसळून गेला होता. बारा दिवस झाले.

धुडकू सुरतेतल्या लिंबायतचा, योगेंद्रच्या शेजारचा, हाताखाली काम करणारा. त्या दिवशी तो छपराच्या कडेने, भिंतीवरून, लांबून जाणार होता.

"मधून जा ना रे, संध्याकाळ करतोस का?" योगेंद्रच म्हणाला होता.

"मी पडनू तं वायर कोन वढी, भाऊ?" धुडकू हसला होता. आणि मधून गेला होता.

दहाव्याला त्याच्या बायकोने, सुंदराने, एवढंच विचारलं, "भाऊ, त्यास्नी हाक मारी व्हती का?"

"नाही वहिनी. मी जवळ नव्हतो."

खोटं.

"योगेंदरभाऊ, पत्रा वाजस रे... फळी दे!" दोनदा हाक आली होती. योगेंद्र खाली मॅनेजरशी गप्पा मारत होता. त्याने ऐकली. मान वर केली नाही.

आणि आज...

चौथा दिवा लागला.

मग लुकलुकू लागला... म्हणजे त्या टोकाकडून कुणीतरी काही पाठवत होतं.

योगेंद्र शिडी चढला. फुटक्या पत्र्याशी वायरीचं टोक तसंच पडलेलं. आठ उघड्या तारा, उन्हात. कशालाच न जोडलेल्या.

तो खाली आला. दिवा लुकलुकायचा... थांबायचा... पुन्हा लुकलुकायचा. हाक मारून वाट बघावी, तसा.

तिन्ही कॉम्प्युटर गप्प.

"ओ..." योगेंद्र म्हणाला. "धुडकू... ओ रे..."

दिवा थांबला नाही.

हबमधून वायर काढायला त्याचा हात धजला नाही. रिक्षा करून तो थेट लिंबायतला गेला. सुंदरा दारात ज्वारी पाखडत होती. त्याने सगळं सांगितलं. मधून जायला मीच लावलं. हाक दोनदा आली. मी ऐकली.

सूप थांबलं.

"मंग ओ का नही दिधी, भाऊ?"

ती रडली असती तर बरं झालं असतं.

वायर कुणी जागी केली, हे योगेंद्रला आजवर कळलेलं नाही. सुंदराकडे तो जातो. ती पाणी देते आणि सूप उचलते.

रस्त्यात मागून कुणी नाव घेऊन हाक मारली, की तो मागे बघत नाही.

आधी वर बघतो.