सातव्या होलचा झेंडा

गोल्फच्या मैदानावर झेंडा कशासाठी असतो हे मला लग्नानंतर कळलं, आणि कळल्यापासून त्याने माझा जीव खाल्ला. काम म्हटलं तर एवढंसं. होल जमिनीत असतो, लांबून दिसत नाही. म्हणून त्यात माणसाहून उंच दांडा उभा करायचा आणि टोकाला कापड बांधायचं. लांबून मारणाऱ्याने त्या कापडाकडे बघून मारायचं. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर आला, की जोडीदाराने दांडा उपसून बाजूला धरायचा. चेंडू आत गेला की दांडा पुन्हा होलात खोवायचा. होल कुठे आहे ते सांगणं, याहून जास्त त्या झेंड्याकडून कोणी काही मागत नाही.

आमचे हे एका क्लबच्या गोल्फ मैदानाचे मुख्य माळी होते. मैदानावर अठरा होल; त्यांचे अठराच्या अठरा झेंडे मी शिवायची, धुवायची, त्यांना खळ लावायची. अजूनही खळीच्या कापडाचा वास आला की मला ते स्वयंपाकघर दिसतं. घर क्लबने दिलेलं, सातव्या ग्रीनच्या अगदी मागे. दोनच खोल्या होत्या, पण उजेड असा की सुईत दोरा ओवायला कधी चष्मा लागला नाही. सकाळी खिडकी उघडली की दवाने पांढरं पडलेलं गवत आणि मधोमध आपला झेंडा. तसं घर मला पुन्हा मिळालं नाही.

सासूबाईंचे गुडघे गेले होते. त्यांची खाट त्याच खिडकीशी होती. चेंडू पडला की होलातल्या पत्र्याच्या कपात टण् असा आवाज व्हायचा, आणि सासूबाई डोळे मिटूनच म्हणायच्या, “गेला.” नाही वाजला तर म्हणायच्या, “मेल्याला आजही नाही जमलं.” दिवसभराची करमणूक होती ती त्यांची.

होलाची जागा रोज बदलायची असते. एकाच ठिकाणी माणसं उभी राहिली की गवत मरतं. हे पहाटे एक गोल हत्यार जमिनीत दाबायचे, त्यात गवतासकट मातीचं बूच निघायचं. जुन्या होलातला कप आकड्याने उचलून नव्या होलात बसवायचा आणि नवं बूच जुन्या होलात ठोकायचं. असं सगळ्या ग्रीनवर. सातव्याचा मागचा उजवा कोपरा मात्र सोडायचे. तिथे चढ फार, चेंडू थांबत नाही. बाकी त्या कोपऱ्यात काही नव्हतं, नुसतं गवत.

एका सकाळी दाताचे डॉक्टर खिडकीशी येऊन उभे राहिले. क्लबचे जुने सभासद, कंबरेला कायम पट्टा, आणि तक्रार केल्याशिवाय घरी जायचे नाहीत. सासूबाई त्यांना कवळी म्हणायच्या, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुमच्या यजमानांना सांगा, झेंडा आणि होल एकाच ठिकाणी ठेवायची पद्धत आहे.”

मी बाहेर गेले. होल ग्रीनच्या डाव्या अंगाला होता, उघडा. झेंडा मागच्या उजव्या कोपऱ्यात सरळ उभा. डॉक्टरांचा चेंडू त्याच्या पायाशी पडला होता आणि ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच तो झेंडा तिथे लावला.

मी दांडा धरून ओढला. जोर लावावा लागला, मग एकदम सुटला. खाली बघितलं तर गवत अखंड. भोक नाही, माती उकरलेली नाही, दवसुद्धा मोडलेलं नाही.

“वात्रट पोरं असतील,” घरी आल्यावर हे म्हणाले.

“पोरांनी गवत परत कसं शिवलं?” मी विचारलं. यावर ह्यांनी चहा मागितला. उत्तर नसलं की ह्यांना चहा लागायचा.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. हे पहाटे झेंडा होलात खोवून यायचे आणि पहिली मंडळी सातव्यावर येईपर्यंत तो कोपऱ्यात. मी पाळत ठेवायची ठरवलं. खिडकीशी उभी राहिले, नजर झेंड्यावर. मागे दूध वर आल्याचा आवाज झाला. मी वळून भांडं उतरवलं आणि परत वळले. झेंडा कोपऱ्यात होता, आणि कापड हलत होतं, नुकतंच कोणी सोडल्यासारखं. वारा नव्हता.

“आई, तुम्ही बघितलंत?” मी सासूबाईंना विचारलं.

“मी दूध उतू जातंय का ते बघत होते,” त्या म्हणाल्या. “सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू वळलीस.”

घाबरण्याआधी मला राग आला, हे खरं सांगते. घरात पसारा करणाऱ्या मुलाला चार वेळा सांगावं आणि त्याने पाचव्यांदा तेच करावं, तसा. मी दांडा उपटून आणला, होलात आपटून बसवला आणि म्हणाले, “आता हलून दाखव.” संध्याकाळी ह्यांनी ऐकलं तेव्हा हसले. ते त्या आठवड्यातलं शेवटचं हसणं.

कारण मग क्लबचे सेक्रेटरीसाहेब आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले आणि भिंतीचे पोपडे बघत बोलले.

“मोठी स्पर्धा तोंडावर आली आहे. बाहेरचे खेळाडू येणार. सातव्यावर लोक रांग लावून थांबतात, कुठे मारायचं कळत नाही म्हणून. माझी शोभा करायची आहे का?”

“साहेब, मी रोज नीट—” हे म्हणाले.

“मला कारणं नकोत. मैदान सांभाळायला एक कंपनी तयार आहे. त्यांची माणसं त्यांच्या गाडीतून येतात, घर मागत नाहीत. स्पर्धेच्या दिवशी सातव्यावर घोळ झाला, तर तुम्ही दुसरी सोय बघा.”

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मला इथून हलवायला चौघं लागतील, आणि ती वेळ अजून आलेली नाही. काय तो झेंडा सरळ करा.”

ह्यांनी शेवटी असं केलं की सातव्यावरचा झेंडाच काढून घरी आणला. दांडा दाराआड उभा केला, कापड मी गुंडाळून त्यावर पिशवी बांधली. म्हटलं, झेंडाच नाही तर जाईल कुठे. त्या दिवशी सभासदांना अंदाजाने मारावं लागणार होतं. शिव्या पडतील, पण घोळ तरी होणार नाही.

पहिल्या चौकडीतल्या चौघांचेही चेंडू उजव्या कोपऱ्यात येऊन पडले. नंतर आलेल्यांचेही तसेच. कवळी खिडकीशी आले.

“वहिनी, झेंडा पुन्हा कोपऱ्यात लावलात? आणि आम्ही इथे पोचेपर्यंत काढून कोण नेतं?”

“आज झेंडा नाहीच लावला, डॉक्टर.”

“असं कसं? चौघांनी बघितला.”

मी दाराआड गेले. दांडा तिथेच होता, पिशवी बांधलेली. खालचं टोक मात्र ओलं होतं. त्याला ओल्या गवताची बारीक पाती चिकटली होती, आणि फरशीवर पाण्याचा छोटासा गोल जमला होता. मी फडकं आणलं, पुसलं. ह्यांना सांगितलं नाही. स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती, आणि ते आधीच जेवणावरून उठून गेले होते.

स्पर्धेच्या सकाळी उजाडताच हे मला म्हणाले, “अगं, चल माझ्याबरोबर.” असं ते कधी म्हणत नसत.

“कुठे?”

“त्याला तिथेच पाहिजे ना? तर तिथेच होल पाडतो. मग झेंडा आणि होल एका ठिकाणी. कोणी काही बोलायला नको.”

“चेंडू थांबणार नाही तिथे.”

“नाही थांबला तर खेळाडूचं नशीब. घर तर राहील.”

ह्यांनी कोपऱ्यात हत्यार टेकवलं. एरवी ते अंगाचा सगळा भार टाकून दाबावं लागायचं, दोन्ही हातांनी पिळून पिळून. त्या दिवशी ते सरकन खाली गेलं. ह्यांचे हात वरच राहिले.

“माती भुसभुशीत आहे,” हे म्हणाले. बूच निघालं ते मात्र घट्ट होतं, मुळं आणि माती एकजीव.

हे जुन्या होलातला कप काढून हातगाडीत टाकत होते, बूच ठोकत होते, तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब लांबून हात हलवत ओरडायला लागले. पहिली चौकडी निघाली होती. ह्यांनी घाईने माझ्या हातातला झेंडा घेतला, कोपऱ्यातल्या होलात खोवला, आणि आम्ही दोघं हातगाडी ढकलत घरामागे पळालो.

झेंडा सरळ उभा होता. मला इतकं हायसं वाटलं की मी चहात साखर दोनदा घातली.

मंडळी येऊ लागली. चढ होता, तरी चेंडू कोपऱ्याकडे असे जायचे की बघत राहावं. एखादा भलतीकडे चालला आहे असं वाटायचं आणि मग तो हळूच वळायचा. लोक टाळ्या वाजवत होते. दांडा काढत होते, खोवत होते, पुढे जात होते. सेक्रेटरीसाहेब छत्रीखाली उभे राहून सगळं आपणच केल्यासारखे हसत होते.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, “आज कोणाचाच जात नाही का गं?”

“जातायत की. सगळ्यांचेच जातायत.”

“मग वाजत का नाही?”

मी भांडं खाली ठेवलं. एक खेळाडू ग्रीनवर होता. त्याने चेंडू ढकलला. चेंडू होलाच्या कडेला गेला आणि आत नाहीसा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टण् झालं नाही. काहीच झालं नाही.

मी मागच्या दाराने बाहेर गेले. हातगाडी भिंतीला लावलेली होती. तिच्यात हत्यार होतं, आकडा होता, ओलं फडकं होतं.

आणि कप होता.

मी ह्यांना बोलावून दाखवला. हे कपाकडे बघत राहिले. कपाच्या तळाला एक खाच असते. त्या खाचेत दांड्याचं टोक बसतं, म्हणून दांडा सरळ उभा राहतो. कप नसला तर नुसत्या भोकात दांडा कलतो, कडेला टेकून पडायला होतो. हे मला ह्यांनीच लग्नानंतर शिकवलं होतं.

आम्ही दोघांनी कोपऱ्याकडे बघितलं. झेंडा ओळंब्याने लावल्यासारखा ताठ होता.

“जाऊन बसवून येऊ का?” हे म्हणाले.

“खेळ चालू आहे,” मी म्हणाले. “आणि सेक्रेटरी उभा आहे.”

ह्यांनी मान हलवली. मग चहा मागितला.

संध्याकाळपर्यंत एकही तक्रार आली नाही. सेक्रेटरीसाहेब स्वतः घरी आले, आणि या खेपेला आत येऊन खुर्चीवर बसले. पाहुण्या खेळाडूंनी सातव्याची फार वाखाणणी केली म्हणे.

“तो होल तिथेच राहू द्या,” ते म्हणाले. “बदलू नका. आणि घराचं डोक्यातून काढा. तो होल तिथे आहे तोवर तुम्ही इथे.”

“रोज तिथेच ठेवला तर गवत मरेल, साहेब,” हे म्हणाले.

“बघून आलो मी. दिवसभर एवढी माणसं उभी राहिली, एक पातं वाकलेलं नाही.”

ते गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाईंनी उशी नीट करून घेतली आणि म्हणाल्या, “चला. राहिलं घर.”

मी खिडकी लावायला गेले तर बाहेर कवळी. उजेड अजून होता. बाकीची मंडळी क्लबात चहाला गेली होती, आणि डॉक्टर आपले पट्टा आवळत उभे.

“आता काय, डॉक्टर?” मी म्हणाले. माझ्यात त्राण राहिलं नव्हतं.

“तक्रार नाही, वहिनी. उलट छान केलंय. माझ्या कंबरेमुळे मला वाकता येत नाही, चेंडू काढायला रोज कोणाची तरी विनवणी करावी लागते. आज वाकावंच लागलं नाही. हात जरा खाली नेला की चेंडू आपसूक तळव्यात येतो. काय बसवलंय ते तुमच्या यजमानांनाच माहीत.”

मी खिडकीच्या दाराला हात घातला.

“फक्त एक बारीकशी गोष्ट,” ते म्हणाले. बोलता बोलता ते डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होते. “चेंडू दिल्यावर ते हात लगेच सोडत नाही. तेवढं सांगा.”

“सांगते,” मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

“कोणाला गं सांगणार?” सासूबाईंनी मागून विचारलं.