फळ्यावरचे पासष्ट

बारा दिवसांपूर्वी वारलेल्या सोपान मास्तरांच्या फळ्यावर आज सकाळी नवा आकडा उमटला होता. ३७७.

"काल २३३ व्हता," मास्तरांच्या पत्नी कुशाबाई म्हणाल्या. "ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं रोज २३३. मी पुसते, सकाळी उठून बघते तर परत हाये. आणि आज ह्यो."

कुशाबाईंनी बोलावलेली, खासगी तपास करणारी इंद्रायणी डुंबरे ओसरीवर उभी राहून तिथल्या भिंतीवरच्या फळ्याकडे पाहत होती. खडूचे आकडे ठळक होते, हात न थरथरता लिहिलेले. समोरच्या रानापलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार थाळ्या आवाज न करता एकाच बाजूला वळत होत्या.

तिच्यासोबत आलेले निवृत्त हवालदार रामदास ओसरीच्या पायरीवरच थबकले. "मॅडम, चोरी, फसवणूक काय बी सांगा, मी येतो. पण मेलेला माणूस गणितं करतोय म्हणल्यावर..."

"बसा, हवालदार. ताई, मास्तरांच्या खोलीत कोण जातं?"

"कुलूप हाये. किल्ली माझ्या कमरंला. ते आकडा काढायचे त्या कॉम्प्युटरची वायर सुदिक काढून ठेवलीय." कुशाबाईंनी पदर घट्ट धरला. "बाई, भुताचं मला काय नाय. ते आले तर मी त्यांना जेवायला वाढीन. मला एकच सांगा. ते पडले, का त्यांनी उडी घेतली?"

"उडी का घेतील?"

कुशाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "एकाहत्तर वर्षांचा माणूस. गुडघे दुखत्यात, तरी रोज पहाटे बारवंत उतारायचं. किती पायऱ्या उघड्या पडल्या ते मोजायचं. रविवारी मी लई बोलले. म्हणले, एवढी बारव प्यारी असंल तर तिथंच जाऊन ऱ्हावा. आणि भावाकडं लोणीला निघून गेले. मंगळवारी सकाळी निरोप आला. गाव म्हणतं, बायको रुसून गेली म्हणून मास्तरनं जीव दिला. तोंडावर कुणी म्हणत नाय. पाण्याला गेले की बायका गप व्हत्यात."

"फळ्यावर तेव्हा काय होतं?"

"पासष्ट. शनिवार, रविवार, आणि मंगळवारी परत आले तवा सोमवारचं बी तेच. त्याच्या आधी २३३ व्हतं."

इंद्रायणीने वहीत लिहिले: २३३. मग तीन दिवस ६५. मग मृत्यू. मग पुन्हा २३३. आज ३७७.

साधना दुपारी आली. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, आता शाळेत संगणक शिकवणारी. कुशाबाईंनी कुलूप काढले, साधनाने कॉम्प्युटरची वायर जोडली.

"सरांचं आवडतं गणित होतं हे," ती म्हणाली. "बारवेच्या पायऱ्या एकेक किंवा दोन-दोन करत उतरायच्या. तर शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत किती प्रकारे पोचता येईल? तीन पायऱ्या असतील तर तीन प्रकार, चार असतील तर पाच. पुढं मोजत बसलं की माणूस चुकतो. म्हणून सरांनी मला आणि गोरखला प्रोग्राम लिहायला लावला. आम्ही दहावीत होतो."

"कसा चालतो?"

"सोपा आहे. प्रत्येक पायरीवर एक आकडा ठेवायचा, वरच्या दोन पायऱ्यांवरच्या आकड्यांची बेरीज. बारा पायऱ्यांना २३३, तेराला ३७७. एखादी पायरी वापरायची नसेल तर तिचा नंबर या यादीत टाकायचा. तिथं शून्य धरलं जातं."

"म्हंजी पाणी एक पायरी खाली गेलं की २३३ चं ३७७ व्हतं?" रामदासांनी विचारले.

"हो काका."

"मंग आज खरंच एक पायरी जास्त उघडी पडली असंल. आणि ते कुणीतरी मोजलंय." स्वतःच्याच बोलण्याने रामदासांच्या अंगावर काटा आला. त्यांनी खुर्ची दाराकडे सरकवली.

"आणि पासष्ट?" इंद्रायणीने विचारले.

"सरांचं काहीतरी चुकलं असेल. डोळ्यांचं ऑपरेशन राहिलं होतं ना. मी त्या आठवड्यात ट्रेनिंगला पुण्यात होते, नाहीतर विचारलं असतं. ही बघा, यादी तर रिकामी आहे."

"ही फाइल शेवटची कधी बदलली?"

साधनाने पाहिले. "सोमवारी. संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी."

"ताई, मास्तर संध्याकाळी बारवेवर जायचे?"

"नाय हो. दिवसातनं एकदा, पहाटंच. दुसऱ्यांदा गुडघं ऐकायचं नाय."

इंद्रायणीने वही मिटली.

बारव गावाबाहेर, दगडी तोंडाची, खाली निमुळती होत जाणारी. मास्तर गेल्यापासून तिकडे कुणी फिरकत नव्हते. फक्त वरच्या कट्ट्यावरची मोटर घरघरत होती. ती मास्तरांच्या पुतण्याची, गोरखची. मास्तरांना बारवेत पडलेले पहिल्यांदा पाहिले तेही त्यानेच.

गोरख चाळिशीचा, टोमॅटोचा बागायतदार. डोळे सुजलेले. "मॅडम, मी काय सांगू? मंगळवारी पहाटं मोटर चालू करायला आलो, तर काका पाण्यात. तेव्हापास्नं मी खाली एक पायरी उतारलो नाय. स्टार्टर वरच हाये."

"मास्तरांचं तुमच्याशी कसं होतं?"

"बापाच्या जागी व्हते. शिव्या बी तशाच द्यायचे."

"आणि काकूंबद्दल गाव जे बोलतं ते?"

गोरखने मोटरकडे पाहिले. "गावाचं तोंड कोण धरणार?"

इंद्रायणी एकटीच खाली उतरली, प्रत्येक पायरी हाताने चाचपत. पाचव्या पायरीवर थांबली, वाकली, पुढे गेली. सातव्या पायरीवर बराच वेळ बसली. बारवेत आवाज घुमत होता. वर रामदास खोकले तरी खाली कुणीतरी दुसराच खोकल्यासारखा वाटे. तेराव्या पायरीवर ओल अजून होती. मोटरीच्या पाइपाचे तोंड त्या पायरीखाली पाण्यात सोडून पाइप पायरीच्या कोपऱ्याला पिकावर सावलीला घालतात त्या हिरव्या शेडनेटच्या जाळीच्या पट्टीने बांधला होता.

वर येऊन तिने गावातले गवंडी दादाभाऊ यांना बोलावून घेतले. महिनाभर शिनोलीच्या कामावर असलेले दादाभाऊ सुट्टीला आले होते. त्यांनी सातव्या पायरीच्या सांध्यावरून बोट फिरवले.

"ह्ये काम माझं नाय," ते म्हणाले. "सिमेट नवंय. पंधरा दिवसांच्या आतलं. आणि ह्या चौकटी बघा, जाळी पसरून पाणी मारलंय. आमी गवंडी ताज्या कामावर काट्याची फांदी टाकतो. माणूस न्हाई, कुत्रं सुदिक पाय देत न्हाई. ज्यानं केलंय त्याला ह्ये ठावं नव्हतं."

इंद्रायणीने मोटरीखालच्या कट्ट्याकडे बोट केले. गोरखने तो गेल्या वर्षी स्वतः बांधला होता. त्याच्या सिमेंटवर त्याच बारीक चौकटी उमटलेल्या होत्या.

ऊन उतरायच्या आत सगळे मास्तरांच्या ओसरीवर बसले. फळ्यावर ३७७ तसाच होता.

"सुरुवात पासष्टपासून करू," इंद्रायणी म्हणाली. "सगळ्यांना वाटलं, म्हातारा चुकला. पण एकच चूक तीन दिवस सारखी होत नाही. साधना, बारा पायऱ्या घे आणि सातवी यादीत टाक."

साधनाने पाटीवर बेरीज मांडली. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. सातव्या पायरीवर शून्य. मग तेरा, तेरा, सव्वीस, एकोणचाळीस. ती थांबली.

"पासष्ट."

"पाचवी टाकली तरी पासष्टच येतात. म्हणून मी दोन्ही पाहिल्या. पाचवी जुनी, चिऱ्यात घट्ट आहे. सातवी नव्यानं बसवलेली. म्हणजे शनिवारी सातवी पायरी निखळलेली होती आणि मास्तरांना ते माहीत होतं. ताई, तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही, कारण तुम्ही उतरू दिलं नसतं. तुमच्यापासून लपवलं. फळ्यापासून लपवता आलं नाही."

"मंग ठावं असून पडले कसे?" रामदास म्हणाले. "माणूस ती पायरी ओलांडून जाईल की."

"तीन दिवस ओलांडलीच. पण सोमवारी संध्याकाळी सहा बाराला त्यांनी यादीतून सात काढून टाकला. बारवेवर ते गेले नव्हते. म्हणजे कुणीतरी घरी येऊन सांगितलं, पायरी बसवली. त्यांनी विश्वास ठेवला आणि मंगळवारी पहाटे ओल्या सिमेंटवरच्या दगडावर पाय दिला. काटेरी फांदी नव्हती. दगड उलटला."

इंद्रायणीने वही उघडली.

"ज्यानं त्यांना पाहिलं त्यानं उलटलेला दगडही पाहिला. तो त्यानं जागेवर लोटला आणि लोकांना बोलावलं. नंतर पुन्हा, या खेपेला पक्का, बसवला. वर जाळी टाकली, स्वतःच्या कट्ट्यावर टाकली होती तशीच. आणि मग रोज आकडा लिहू लागला. खोली बंद होती, पण प्रोग्राम लिहिणाऱ्या दोघांना तो हिशोब येतो. बारवेकडे गाव जात नाही, तरी तेरावी पायरी उघडी पडल्याचं कुणाला तरी कळलं. कालपर्यंत पाण्याखाली असलेल्या त्या पायरीला आज पाइप बांधलेला आहे. गोरखभाऊ, तुम्ही म्हणालात, खाली उतरलोच नाही."

गोरखने डोके खाली घातले. मग जमिनीकडे बघतच बोलू लागला.

"पाइप वढताना दगड निघाला व्हता, शुक्रवारी संध्याकाळी. काका म्हणले, तूच काढला, तूच बसव. सोमवारी बसवला. सांगायला आलो. काका लगीच मशीनपाशी गेले. म्हणले, बरं झालं, उद्या आकडा सरळ येईल. मला म्हणायचं व्हतं, दोन दिस पाय देऊ नका. जिभंवर व्हतं. तेवढ्यात टोमॅटोची गाडी आली म्हणून हाक आली आणि मी पळालो."

"आणि काकूंवर बोट आलं तेव्हा?" इंद्रायणीने विचारले.

"गप बसलो." त्याने फळ्याकडे बोट केले. "फळा कोरा दिसला की काका हाक मारत्यात असं वाटायचं. म्हणून लिवत व्हतो. लिवलं की दिसभर गप ऱ्हायचे."

कुशाबाई उठल्या. गोरखने अंग आखडले, मार बसेल असे त्याला वाटले असावे. त्या त्याच्यापुढून सरळ फळ्यापाशी गेल्या.

"काय म्हणले ते? परत सांग."

"उद्या आकडा सरळ येईल."

"उद्या," कुशाबाई म्हणाल्या. त्यांनी फळ्याच्या चौकटीला हात टेकला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. जरा वेळाने पाठ न वळवताच बोलल्या, "गोरख, दगड उलटला त्याची तुला माफी हाये. गप बसलास त्याची नाय. जा, चौकीत जाऊन सगळं सांग. मंग गावात सांग, पाण्यावर, बायकांच्या म्होरं."

रामदास त्याच्याबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. पोलिसांनी सातव्या पायरीचा दगड काढून पुरावा म्हणून नेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणीच्या घरी फोन वाजला.

"बाई, मी कुशाबाई. आज फळ्यावर आकडा हाये."

इंद्रायणीच्या हातातला कप तसाच राहिला. गोरख तर चौकीतच होता.

"मी लिवलाय," कुशाबाई म्हणाल्या. "साधनाचा हात धरून बारवंच्या वरच्या कडेला गेले. वरनंच मोजल्या. तेरा उघड्या, सातवी नाय. तिनं मशीन लावलं. एकशे चार आलं. बरोबर हाये का?"

इंद्रायणीने वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली. शून्यानंतर तेरा, तेरा, सव्वीस, एकोणचाळीस, पासष्ट, एकशे चार.

"बरोबर आहे, ताई."

"बरं," कुशाबाई म्हणाल्या. "नायतर ते चिडले असते."