नको-काढू

पावसातून धापा टाकत ती ऑफिसात शिरली, तर तिच्या खुर्चीत भलताच माणूस बसलेला! बरं, बसावं तर नीट बसावं... ओली छत्री तिच्या टेबलावर, आणि ओले मोजे सर्व्हरच्या गरम हवेच्या झोतात वाळत घातलेले.

“पाहुणे, ती खुर्ची माझी आहे.”

“असं? खुर्चीवर नाव नाही दिसलं,” तो इकडेतिकडे पाहत म्हणाला. “बाकी इथं वायरींवरसुद्धा नाव आहे.”

“मोज्यांवरही टाकून देते. मग हरवायचे नाहीत.”

“टाका की. अक्षर सुरेख आहे तुमचं.”

खरं तर तिला राग यायला हवा होता. आलं हसू! त्या दिवसापासून तो ‘पाहुणे’ झाला आणि ती ‘हेडबाई’.

दोन पॅथॉलॉजी लॅब एक झाल्या होत्या. ती इकडची, तो तिकडचा, आणि दोघंही फायरवॉल सांभाळणारे. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा रखवालदार. कुठल्या मशीननं कुठल्या मशीनशी बोलायचं, याचे नियम त्याला लिहून द्यावे लागतात. प्रत्येक मशीनला नंबर असतो, पण नंबर कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून नंबराला एक नाव द्यायचं आणि नियम त्या नावानं लिहायचे. आता दोन्ही लॅबच्या याद्या एकत्र आल्या होत्या, आणि एकेका मशीनची दोन-दोन नावं झाली होती. त्यांतलं एक ठेवायचं, दुसरं काढायचं, हे दोघांचं काम. मॅनेजरसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, की यादी एक झाली की माणूसही एकच लागेल.

तरीही दोघं हसत होती. कारण तिची नावं शिस्तीची, मजला-खोली-मशीन अशी. आणि त्याची? ‘तात्पुरता’, ‘तात्पुरता-नवा’, ‘बहुतेक-प्रिंटर’...

“आणि हे ‘नको-काढू’ काय आहे?”

“कुणास ठाऊक,” तो मान खाजवत म्हणाला. “काढायला जीवच झाला नाही.”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, तिच्यापुढं धरला, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेरच पाहत राहिला. तिनं रुमाल परत दिला नाही. त्यानंही मागितला नाही.

यादी मात्र कमी कमी होत होती. प्रत्येक नाव काढलं की ती उरलेली नावं मोजायची. घरी आई विचारायची, “अगं, ऑफिसात काय एवढं चाललंय? नीट जेवत नाहीस.” काय सांगणार कप्पाळ! काम चांगलं चाललंय, म्हणून जीव टांगणीला लागलाय, हे कुणाला पटलं असतं?

आणि मग काढलेली नावं परत येऊ लागली. संध्याकाळी साफ केलेल्या यादीत सकाळी तीच नावं हजर. तिला वाटलं, आपणच वेंधळेपणा करतोय. मनातून तिला आनंदही झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली.

एका सकाळी खाली काउंटरपाशी एक बाई उभी होती. नवरा तिकडं हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी उपाशीपोटी थांबलेला, आणि त्याचा रक्ताचा रिपोर्टच येत नव्हता. “मॅडम, बघा ना जरा,” ती सगळ्यांनाच विनवत होती. हेडबाई धावत वर गेली. रक्त तपासणाऱ्या मशीनचा नंबर मागेच बदलला होता. पण नियमात त्या मशीनचं जुनं, काढून टाकलेलं नाव परत आलं होतं, आणि त्या नावामागं जुनाच नंबर. साहजिकच फायरवॉलनं रिपोर्ट दारातच अडवला होता. तिनं नियम दुरुस्त केला, रिपोर्ट गेला. पण तोवर ऑपरेशन पुढं ढकललं होतं, आणि ती बाई पायरीवर बसून रडत होती.

बदल कुणी केला हे फायरवॉल लिहून ठेवतो. तिनं पाहिलं. परत आलेल्या प्रत्येक नावापुढं पाहुण्यांचं नाव होतं.

“तू?” ती म्हणाली. ‘तुम्ही’ कुठल्या कुठं गेलं.

तो हळूच म्हणाला, “साहेबांनी ठरवलंय... तू जाणार. यादी संपेपर्यंत तरी तू इथं असशील, असं वाटलं मला. दुसरं काही सुचलंच नाही गं.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर तू एका दिवसात यादी संपवली असतीस. ओळखतो मी तुला. प्रेम आहे माझं तुझ्यावर.”

“माझंही आहे,” ती म्हणाली आणि रडू लागली. “पण ती बाई पायरीवर बसली होती रे... तू मला जपलंस आणि तिला ताटकळत ठेवलंस. तुझ्याकडं बघितलं की मला तीच दिसते. रोज दिसेल. नाही जमणार मला.”

“मी राजीनामा देतो. तू राहा.”

“आणि मी या खुर्चीत सुखानं बसू?”

जायचं तिनंच ठरवलं. बाहेर पाऊस लागून राहिला होता.

यादी तिनंच संपवली. शेवटच्या दिवशी काढायचं असं फक्त तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं नाव उरलं. जाणाऱ्या माणसाचं नाव काढायचंच, हा नियम तिनंच घातलेला. हे काम त्याच्यावर सोडलं तर ते कधीच होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं यादीत आपलं नाव शोधलं. सापडेना. मग नंबरावरून शोधलं.

तिचं शिस्तीचं नाव पुसून त्यानं त्या नंबरापुढं लिहिलं होतं: ‘नको-काढू’.

मग डोळे पुसून तिनं बटण दाबलं. फायरवॉलनं नकार दिला, कारण ते नाव अजून एका नियमात वापरात होतं. तिनं तो नियम उघडला. तिच्या मशीनवरून फक्त त्याच्या मशीनवर निरोप जावेत, एवढाच तो नियम होता. तिनं तो पुसला, आणि मग नाव काढलं.

दार ढकलून तो आत आला.

“झालं?”

“झालं,” ती म्हणाली. “आता एकाही मशीनला दोन नावं नाहीत.”

त्याच्या हातात कॉफीचे दोन कप होते.