तीन आठवड्यांचं गालगुंड

“ए निळ्या, तिकडं सरक! तो गळा घेऊन माझ्याजवळ फिरकायचं नाही, सांगून ठेवते.”

“फिरकतंय कोण? दोर सोडतोय मी. डोळे फुटलेत का तुझे?”

“मग दोर तिकडनं सोड. रविवारी मला चर्चमध्ये गायचंय. माझे गाल फुगले तर तू गाणारेस का माझ्या जागी?”

अख्खी होडी हसली. सुकाणूवरचे मानोंग इस्को, म्हणजे इस्कोदादासुद्धा हसले, आणि ते तर स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते म्हणे.

नान्तेचं डोकं सणकलं. तसं ते सणकायला फार काही लागत नाही. नववीत मास्तर काहीतरी बोलले, यानं डस्टर भिरकावला, दप्तर बाकावरच टाकून बाहेर पडला तो परत गेलाच नाही. आता एकोणीस वर्षांचा आहे. फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावरून समोर इलोइलो शहरात जाणाऱ्या मोटारहोडीवर दोर सोडतो, फळी टाकतो, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवतो.

“हे गालगुंड नाहीये!” तो ओरडला.

“मग काय आहे?”

तिनं भुवई उडवली. केसांत पीठ, मांडीवर पावाच्या रिकाम्या टोपल्या आणि डोळे असे, की समोरच्याचं खोटं चिमट्यात धरून बाहेर काढतील. नान्तेनं तोंड उघडलं… आणि ते उघडंच राहिलं. कारण काय आहे ते त्याला माहीतच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

“गालगुंडच आहे,” तो पुटपुटला आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

“बघा! आणि वर भांडतोय!”

दोन महिन्यांपूर्वी जबड्याखाली चिंचोक्याएवढी गाठ लागली होती हाताला. मग दुसरी, तिच्या खाली. मग काखेत. आजी, म्हणजे त्याची लोला, म्हणाली, “दोरानं तळवा सोलवटलाय ना, त्याचं अवधाण आलंय.” मानोंग इस्को म्हणाले, टीबी. शेजारीण म्हणाली, नदीकाठच्या झाडाखाली लघवीला गेला असशील, झाडावरचं काहीतरी चिडलंय. डॉक्टरनं सुई टोचली आणि म्हणाला, “यात काही स्पष्ट दिसत नाहीये.” मग काखेतली एक गाठ अख्खी कापून काढली, बाटलीत घातली, तपासायला पाठवली. दोन आठवड्यांनी या म्हणाले.

लोलाला दोन आठवडे कुठला धीर! तिनं कपड्यांची नीळ व्हिनेगरमध्ये कालवली आणि नातवाचा गळा या कानापासून त्या कानापर्यंत सारवून काढला. बेटावर गालगुंडाला हेच करतात. निळा गळा लांबून दिसला की माणूस समजून जातो, याला गालगुंड झालंय, आठ-दहा दिवसांत बरा होईल.

आणि गंमत बघा. आधी दोन महिने नान्तेच्या गळ्याकडे बघून लोक गप्प व्हायचे. बायका कुजबुजायच्या. एकीनं तर छातीवर क्रॉसची खूण केली होती. नीळ लावल्यापासून मात्र सगळे हसायला लागले. चिडवायला लागले. गालगुंडाला कोण घाबरतं? ते येतं नि जातं. त्याला नाव आहे.

म्हणून नीळ फिकी झाली की नान्ते स्वतःच पुन्हा लावायचा. गुपचूप, आरशासमोर.

तिचं नाव रोझेल. शहरातल्या बेकरीत कामाला, रोज सकाळी जायची, दुपारी यायची. दुसऱ्या दिवशी ती होडीत चढली ती तोंडावर रुमाल बांधून.

“एवढी काळजी असेल तर पोहत जा की,” नान्ते म्हणाला.

“तू ये ना पुढं पुढं. शार्क लांब पळतील तुला बघून.”

तिसऱ्या दिवशी रुमाल नव्हता. चौथ्या दिवशी फळीवर तिचा पाय घसरला आणि नान्तेनं मनगट धरलं. धरलं ते… फळी संपली तरी धरूनच होता. तिच्या हाताला ताज्या पावाचा वास येत होता. समुद्राचं पाणी दोघांच्या तोंडावर उडत होतं आणि मागचे लोक ओरडत होते, “अरे सोड तिला, आम्हालाही उतरायचंय!”

“गालगुंड लागलं तर तुझ्या नावानं बोंब मारीन,” ती म्हणाली. पण मनगट काही तिनंही ओढलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं एक पाव आणला. “जळका आहे. फेकणारच होते.” नान्तेनं उलटसुलट करून बघितला. कुठं जळला होता कोण जाणे.

इथून सगळा घोळ सुरू झाला. कारण डॉक्टरनं त्याला जाताना विचारून ठेवलं होतं, भूक कमी झालीय का? घाम येतो का? झोप लागते का? धाप? लक्ष ठेव, आलास की सांग. आता काय सांगायचं? जेवण जात नव्हतं, खरं. पण ते आजारानं, का ती परतीच्या होडीत असेल का या विचारानं? धक्क्यावर ती दिसली की तळहाताला घाम सुटायचा. छातीत इंजिन सुरू झाल्यासारखं व्हायचं. कुठलं गाठींचं नि कुठलं रोझेलचं, काही म्हणता काही कळेना. रात्री छपराकडे बघत तो एकेक लक्षण वाटून घ्यायचा, हे गाठींचं, हे तिचं. शेवटी सगळं एकाच ढिगात जायचं आणि तो स्वतःवरच खेकसायचा.

दोन आठवड्यांनी तो इस्पितळात रिपोर्ट आणायला गेला. खिडकीतली बाई म्हणाली, “अजून नाही आला. पुढच्या गुरुवारी ये, पोरा.”

“पुढच्या गुरुवारी म्हणजे? तेवढी एक गाठ बघायला किती माणसं लागतात तुम्हाला?”

“ओरडल्यानं लवकर येत नाही तो,” बाई म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं.

बुधवारी दुपारी होडीत फारसं कुणी नव्हतं. रोझेल सरळ येऊन त्याच्या शेजारी बसली. कच्च्या आंब्याची फोड मिठात बुडवून त्याच्यापुढे धरली. त्यानं नको म्हटलं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “चिडायचं नाही.”

“मी कधी चिडतो?”

“तीन आठवडे झाले नान्ते. गालगुंड तीन आठवडे राहत नाही.”

तो समुद्राकडे बघायला लागला.

“आणि नीळ आज सकाळची आहे. कॉलरला ओली लागलीय. तूच लावतोस ना?”

“तुला काय करायचंय?” तो एकदम उसळला. “तू तुझे पाव भाज! सगळ्यांना माझ्याच गळ्यात काय दिसतं?”

तिनं होडीबाहेर हात घालून ओंजळभर पाणी घेतलं, रुमाल भिजवला आणि त्याच्या गळ्यावर ठेवला. खारं पाणी चरचरलं. ती पुसत राहिली, हळूहळू, या कानापासून त्या कानापर्यंत. बोटं एका गाठीवर आली… थांबली. मग दुसरीवर.

“दुखतात?”

“नाही. दुखल्या असत्या तर बरं, असं म्हणाला डॉक्टर.”

मग त्यानं सगळं सांगितलं. सुई, बाटली, गुरुवार.

“म्हणून म्हणतो,” तो म्हणाला, “पाव-बिव आणत जाऊ नकोस. आधी कागद येऊ दे. त्यात काय असेल ते असेल… मग बघू.”

“काय बघू?”

“तेच.”

“तेच म्हणजे काय? नीट बोल ना रे!”

“कागद आल्यावर बोलीन.”

रोझेलनं आंब्याची फोड कचकन चावली. “मलाही काही कळत नाहीये,” ती म्हणाली. “आत्ता तू सांगितलंस आणि मी तुझा हात धरणार होते. वाटलं, ही कीव असेल. कीव येऊन कुणाच्या मागं लागायचं नसतं, माझी आईच सांगते. पण मग आठवलं… मला तुझा राग आधी आला होता. कीव आत्ता आली. आणि मधल्या दिवसांत जे काही होतं, ते दोन्हींतलं नव्हतं.”

“मग काय होतं?”

“कागद आल्यावर बोलीन,” ती म्हणाली आणि जीभ दाखवली.

गुरुवारी तिनं बेकरीतून सुट्टी घेतली. काय सांगून घेतली ते तिलाच ठाऊक. तपासणीच्या खिडकीसमोर लाकडी बाक होता, त्यावर दोघं बसले. शेजारी एक बाई डब्यातल्या शेवया खात होती, तिनं यांनाही पुढे केल्या. कुणीच घेतल्या नाहीत. पंखा घरघरत होता. नान्ते पाय हलवत होता, रोझेलनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला. छातीतलं इंजिन सुरू झालं.

“वाईट निघालं तर,” तो पुटपुटला, “तू होडी बदल. सकाळच्या सातच्या होडीनं जात जा.”

“सातची होडी गळते.”

“चेष्टा नाही करत मी.”

“मी पण नाही. आणि काहीच निघालं नाही तर? पुन्हा दुसरी गाठ कापून पुन्हा तीन आठवडे थांबा म्हणाले तर? तेव्हाही तोंड शिवून बसणारेस?”

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कागद चांगला असेल नाहीतर वाईट. कागदालाच काही कळलं नसेल, असंही होऊ शकतं? त्यानं तिच्याकडे बघितलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता. तीही घाबरली होती, आणि तरी आली होती.

“रेनांते विल्यारुएल!” खिडकीतून नान्तेचं पूर्ण नाव पुकारलं गेलं.

तो उठला. दोन पावलं गेला. बाईच्या हातात पाकीट होतं, बंद. आणि तो वळला, तरातरा परत आला, भांडायला आल्यासारखाच.

“ऐक. त्यात काय आहे मला माहीत नाही. माझ्या अंगात काय चाललंय तेही माहीत नाही, आजारी आहे का येडा झालोय. पण तू मला आवडतेस. हे मला माहीत आहे. एवढं एकच माहीत आहे. समजलं?”

“ओरडतोस कशाला?” त्याचा हात धरून रोझेल म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “समजलं. मला पण.”

“रेनांते विल्यारुएल! आहे की नाही?”

“आहे!” तो म्हणाला. आणि मग तिला, हळूच, “सोड हात. आता जायलाच हवं मला.”