खंदकातला आळीव

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या टाउनहाउसमागे दरवर्षी दिवाळीचा किल्ला व्हायचा, पण यंदाचा किल्ला इंग्लंडमधला होता. आसावरीने शाळेच्या हिस्टरी प्रोजेक्टसाठी हार्कवुड नावाच्या एका पडक्या किल्ल्याचा अभ्यास केला होता. तोच तिने पॅटिओवर मातीत उभा केला. मुलगी अबोल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसणारी. पण मंडळाच्या किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक घरी येणार होते, आणि एकदा तरी आपलं काम पाहून लोकांनी गप्प व्हावं, असं तिला फार वाटत होतं.

"आसू, किल्ल्यावरच्या आळिवाला पाणी घालून ये गं," संध्याकाळी आई म्हणाली.

आसावरी झारी घेऊन बाहेर गेली. तिचा धाकटा भाऊ आर्य मागोमाग आलाच. आजीने पुण्याहून पाठवलेले मातीचे मावळे तटावर चढले होते. गवळण, वाणी, काठी टेकणारी म्हातारी आणि पाठीशी मूल बांधलेली बाई मात्र खाली खंदकात उभी होती.

"ताई, त्यांना आत घे ना. It's cold."

"खऱ्या किल्ल्यात घेतलं नव्हतं." आसावरीने पाणी शिंपडलं. "वेढा पडला, धान्य संपत आलं. मग सरदाराने लढू न शकणारे सगळे बाहेर काढले आणि दरवाजा लावून घेतला. शत्रूनेही त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. हिवाळाभर ती माणसं खंदकात राहिली. आधी गवत खाल्लं. मग मुळं..."

"मग?"

"मग काही नाही. वर जेवणं चालू होती."

आर्यचा चेहरा पडला. तो तसा पडलेला पाहायला तिला आवडलं, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही. आता हार्कवुडची एक कमान तेवढी उरली आहे, म्हणे. मेंढ्या सगळ्या टेकडीवर चरतात, खंदकात मात्र उतरत नाहीत.

सकाळी खंदकातली चारही मातीची चित्रं किल्ल्याच्या दरवाज्याला तोंड लावून उभी होती.

"आर्य, हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"I didn't!"

खंदकातला आळीव मुळापर्यंत कुरतडलेला होता. "ससे आले असतील," आई म्हणाली. पण बुरुजावरच्या कोवळ्या आळिवाला कुणी तोंड लावलं नव्हतं. पुढच्या दिवशी खंदकातली मातीही उकरलेली दिसली. तिथे एक वास येऊ लागला. ओल्या मातीचा नव्हे... उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा, आंबट.

आसावरीने ग्लू गन आणली आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा दरवाजा कायमचा चिकटवून टाकला.

आर्यने मुठीतून चिवडा आणून खंदकात टाकला. तिने तो झाडूने लोटून दिला.

"ताई, प्लीज. थोडासा!"

"परीक्षकांसमोर चिवडा? वेडा आहेस का? ती कामाची नाहीत. कामाची नसली की आत जागा नसते." तिने त्याला दंडाला धरून घरात ढकललं.

शनिवारी दिवेलागणीला परीक्षक म्हणून गुरुनाथकाका आणि नीलाकाकू आले.

"इंग्रजांचा किल्ला?" काका हसले. "मग फराळाला फिश अँड चिप्स का?"

आसावरी बोलू लागली. पहिल्यांदाच तिचा आवाज अडखळला नाही. खंदकाची गोष्ट तिने सावकाश, रंगवून सांगितली. काकांचं हसू मावळलं. तिला हवी होती तीच शांतता पसरली.

मग नीलाकाकूंनी वाकून पाहिलं. "पण ती माणसं कुठायत गं?"

खंदक रिकामा होता. दरवाजा तसाच घट्ट चिकटलेला.

"आर्यनेच उचलली असणार," आई म्हणाली. "चला, फराळाला बसू."

सगळे आत गेले. आसावरी पणतीच्या उजेडात चित्रं शोधत राहिली. पाठीमागे काचेचा दरवाजा सरकला. खटका पडला.

ती धावली. काचेपलीकडे आर्य उभा होता.

"आर्य, उघड."

त्याने मान हलवली. "They said no."

"कोण?"

"ते म्हणाले..." त्याचा आवाज काचेतून जेमतेम येत होता. "कामाची नसली की आत जागा नसते."

"आर्य, मस्करी पुरे! आई! आई गं!" तिने दोन्ही हातांनी काच बडवली. आत काका कशावर तरी खो खो हसत होते. आईने चकलीचा डबा फिरवताना वर पाहिलं, नुसत्या अंधाराकडे पाहावं तसं, आणि पुन्हा वाढायला वळली.

आर्य बाजूला झाला. तेव्हा तिला खिडकीची आतली कड दिसली. गवळण, वाणी, म्हातारी, मूल बांधलेली बाई... चौघंही ओळीने उभी, तिच्याकडे तोंड करून. प्रत्येकापुढे चिवड्यातला एकेक पोहा ठेवलेला होता. बाईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं मूल आता मान वळवून बाहेर पाहत होतं.

कुणीतरी पडदा ओढला.

पॅटिओवर गारठा वाढत चालला. पाय बधिर झाले, हाका मारून घसा बसला. पोटात एकाएकी अशी भूक उसळली की तिला धड उभंही राहवेना. तो आंबट वास आता अगदी जवळून येत होता... तिच्याच श्वासातून. बुरुजावर आळीव उरला नव्हता.

आसावरीने घाईघाईने ओठ पुसले. हाताला हिरवं लागलं.